गोदामात काय आहे, हे आग विझवायला येणाऱ्याला कोण सांगणार?

कृष्णाकाठ (सांगली)

४ ऑगस्ट २०२०. बैरूतच्या बंदरात १२ नंबरच्या गोदामातून धूर येतोय असा निरोप अग्निशमन दलाला गेला आणि दहा जण निघाले. नऊ जवान आणि प्रथमोपचार करणारी एक तरुणी. ते पोहोचल्यानंतरचा एक फोटो नंतर जगभर फिरला. त्यात जवान गोदामाच्या बंद दाराशी झटताना दिसतात. आत काय भरलंय हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. सहा वाजून गेल्यावर काही मिनिटांतच गोदाम उडालं. दहाच्या दहा गेले. शहरात दोनशेहून जास्त माणसं मेली, सात हजारांच्या आसपास जखमी झाली, तीन लाख लोक बेघर झाले. आवाज समुद्र ओलांडून दोनशे किलोमीटरवरच्या सायप्रसमध्ये ऐकू गेला.

आत २,७५० टन अमोनियम नायट्रेट होतं. ऱ्होसस नावाचं जहाज ते जॉर्जियातल्या बटुमीहून मोझांबिकला नेत होतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये ते बैरूतला थांबलं, तपासणीत नापास झालं, देणी थकली आणि मालकाने हात वर केले. २०१४ मध्ये माल उतरवून १२ नंबरात टाकला. जहाज २०१८ साली बंदरातच बुडालं, माल मात्र तिथेच राहिला. कस्टमच्या अधिकाऱ्यांनी न्यायाधीशांना पुन्हा पुन्हा पत्रं लिहिली की माल धोकादायक आहे, परत पाठवा, विकून टाका, नाहीतर लष्कराकडे द्या. स्फोटाच्या दोन आठवडे आधी तर राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधानांच्या टेबलापर्यंत अहवाल पोहोचला होता.

म्हणजे कस्टमला माहीत होतं, बंदराला माहीत होतं, कोर्टाला माहीत होतं, सरकारला माहीत होतं. दार उघडायला गेलेल्यांना तेवढं माहीत नव्हतं. या एका गोष्टीसाठी मी हा धागा काढतोय.

मी विम्याचा सर्वेअर आहे. आग लागून गेल्यावर नुकसानीचा अंदाज घ्यायला गोदामांत जाणं हे माझं काम. त्यामुळे बैरूतची बातमी मी लांबच्या देशाची म्हणून वाचू शकलो नाही.

आधी त्या पदार्थाविषयी. अमोनियम नायट्रेटचे दाणे दिसायला जाड साखरेसारखे. खत म्हणूनही वापरतात आणि खाणीत सुरुंगासाठीही. नुसतं पोतं उघड्यावर पडलेलं असेल तर सहसा काही होत नाही. पण ते साधारण १७० अंशांला वितळतं, त्याहून तापलं की त्याचं विघटन व्हायला लागतं आणि ते स्वतःच आगीला ऑक्सिजन पुरवतं. मोठी थप्पी, कोंडलेली जागा, आत मिसळलेलं तेल किंवा कचरा आणि शेजारी पेटती आग, हे सगळं जुळून आलं की मग कुणाच्या हातात काही राहत नाही. बैरूतला त्याच गोदामात फटाकेही ठेवलेले होते. स्फोटानंतर वर चढलेला तो तांबूस ढग नायट्रोजन डायऑक्साइडचा होता.

त्याआधी पाच वर्षं चीनमधल्या तिआनजिन बंदरात हेच झालं. १२ ऑगस्ट २०१५ च्या रात्री तिथल्या रसायनांच्या गोदामात एका कंटेनरमधलं नायट्रोसेल्युलोज उन्हाळ्याच्या उष्म्यात कोरडं पडलं आणि आपोआप पेटलं. ती आग पसरत सुमारे ८०० टन अमोनियम नायट्रेटपर्यंत गेली. १७३ माणसं गेली आणि त्यात निम्म्याहून जास्त अग्निशमन दलाची होती. तिथे शेकडो टन सोडियम सायनाइडही होतं. अशा गोदामापासून वस्ती एक किलोमीटर लांब हवी असा त्यांचाच नियम, आणि घरं त्याच्या बरीच आत उभी होती.

आता आपल्याकडे या. सांगलीला बंदर नाही, पण बंदरावर उतरलेला माल आपल्याकडेच येतो. द्राक्षबागेत वापरतो त्या विद्राव्य खतांपैकी बरीचशी परदेशातून येतात. त्यातलं १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. ते अमोनियम नायट्रेट नव्हे, आपणहून त्याचा स्फोट होत नाही. मात्र आगीला ऑक्सिजन पुरवण्यात ते कमी नाही.

पूर्व भागातल्या एका गावात पाहिलेलं गोदाम सांगतो. पत्र्याचं शेड, एकच शटर. उजव्या भिंतीला १३:००:४५ च्या पिशव्यांची छताला भिडलेली थप्पी, खाली लाकडी फळ्या. खालच्या दोन पिशव्या उंदरांनी कुरतडलेल्या आणि सांडलेली पांढरी पूड फळ्यांच्या फटींत बसलेली. तिला लागूनच द्राक्षावरच्या भुरी रोगासाठीच्या गंधकाची पोती, पिवळी भुकटी जमिनीवर पांढरीत मिसळलेली. कोपऱ्यात डिझेलचा कॅन, त्याच्या वर उघड्या वायरीचा बोर्ड. मागच्या भिंतीला अंगणवाडी. दाराबाहेर कंपन्यांचे मोठाले रंगीत फलक होते, पण आत काय आहे हे सांगणारी एक ओळ नव्हती.

मालक भला माणूस. हे एकत्र ठेवायचं नसतं असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तुमच्या गावात, पेठेत, एमआयडीसीत अशी गोदामं कुठे आहेत आणि त्यांच्या दारावर काय लिहिलंय, ते इथे सांगा. नावं टाकू नका. परिस्थिती सांगा.

---

माणदेशी

फार गरजेचा धागा. बैरूतची चित्रं टीव्हीवर बघताना माझ्या वडिलांना त्यांचे वडील आठवले. आजोबा मुंबईच्या गोदीत हमाल होते. आमच्या दुष्काळी भागातली निम्मी घरं तेव्हा गोदीवर नाहीतर गिरणीवर जगायची. अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांना संघटित केलं, १९६९ साली कायदा झाला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा पाठीवर काय आहे हे विचारायची सोय नव्हती.

१४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक. फोर्ट स्टिकिन जहाजात सुमारे १,४०० टन दारूगोळा, त्याच्यासोबत कापसाच्या हजारो गासड्या आणि सोन्याच्या विटा. कराचीला कापूस चढवला तेव्हाच कप्तान नाराज होता म्हणतात. दुपारी आग दिसली आणि चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला. डॉकवरचं घड्याळ चार वाजून सहा मिनिटांवर थांबलं. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, आणखी मोठा. मेलेल्यांचा आकडा कुणी आठशे सांगतं, कुणी तेराशे. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले.

आजोबा त्या दिवशी धान्याच्या वखारीकडे होते म्हणून वाचले. ते एकच गोष्ट परत परत सांगायचे: जहाजावर लाल बावटा नव्हता. दारूगोळा असला की बावटा लावायची रीत होती. तो नव्हता म्हणून शेजारच्या जहाजांवरची माणसं आपापली कामं करत राहिली, काही तर कठड्याला रेलून आग बघत होती.

आणि गावाकडे महिनाभर नक्की काही कळलं नाही. सरकारने बातमी दाबली होती. बाहेरच्या जगाला ती आधी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओवरून समजली. साताऱ्यात तेव्हा प्रतिसरकारचे दिवस, इंग्रज पत्रं फोडून बघायचे. आजीने तेवढे दिवस कसे काढले असतील ते तिलाच ठाऊक.

---

लालगाडी

कृष्णाकाठ, मनापासून आभार. मी नगरपालिकेच्या अग्निशमनमधून निवृत्त झालो. माणदेशी म्हणतात तो १४ एप्रिल म्हणजेच आमचा अग्निशमन सेवा दिन. दरवर्षी त्या ६६ जणांना सलामी देऊन सप्ताह सुरू होतो. तेव्हा आम्ही शाळांत जायचो, गोदामवाले मात्र क्वचितच बोलवायचे.

आमचा अनुभव सांगतो. आगीची वर्दी मिळते, गाडी निघते. पेठेत शिरलं की दोन्ही बाजूंना ट्रक लागलेले. कसंबसं पोहोचावं तर मालक गावाला, वॉचमनकडे किल्ली नाही. पहिला प्रश्न आमचा ठरलेला: आत काय आहे? उत्तरही ठरलेलं: "माल आहे साहेब."

कुठला माल यावर पुढचं सगळं अवलंबून असतं हो. नायट्रेटच्या खतावर वाळू किंवा फोम टाकून उपयोग नाही. ते गुदमरत नाही, ऑक्सिजन त्याच्या पोटातच आहे. त्याला भरपूर पाणी लागतं, लांबून आणि लवकर. तेच पाणी गॅस वेल्डिंगवाल्याच्या कार्बाइडच्या डब्यावर पडलं तर ॲसिटिलीन हा पेटणारा वायू तयार होतो. धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्यांवर पडलं तर फॉस्फिन हा विषारी वायू. एकाच शेडमध्ये हे तिन्ही असतील तर नळी कुठे धरायची?

आम्ही धुराचा रंग बघून अंदाज बांधायचो. तांबूस-तपकिरी दिसला की पोरांना मागे खेचायचं. पण तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

सगळ्यांना हात जोडून एक विनंती. आग लागली की लांब जा, बघायला थांबू नका. १९४७ साली अमेरिकेत टेक्सास सिटीच्या बंदरात खताच्या जहाजातून विचित्र रंगाचा धूर येतोय म्हणून लोक धक्क्यावर जमले होते. पाचशेच्या वर माणसं गेली. २०२२ च्या जूनमध्ये बांगलादेशात सीताकुंडच्या कंटेनर डेपोला आग लागली, पोरं मोबाईलवर थेट दाखवत होती आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा कंटेनर फुटला. तिथेही जवानांना आत रसायन आहे हे सांगितलेलं नव्हतं. खिडकीशी उभं राहून तर अजिबात बघू नका. बैरूतमध्ये कितीतरी जणांना आधी आग दिसली, ते काचेपाशी आले आणि मग काच त्यांच्या अंगावर आली.

---

मार्केटयार्ड

मी खतांचा व्यापारी आहे. धागा चांगला आहे, पण दुसरी बाजूही ऐका. अमोनियम नायट्रेट आमच्याकडे येतच नाही. ४५ टक्क्यांहून जास्त असलेल्या मालाला २०१२ च्या नियमांप्रमाणे स्फोटकाचा परवाना लागतो, ते काम नागपूरच्या पेसोच्या, म्हणजे स्फोटकांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे. दुकानात मिळतं ते कॅल्शियम अमोनियम नायट्रेट, त्यात चुनखडी मिसळलेली असते. युरिया, डीएपी, पोटॅश यांना लोकांनी बॉम्ब समजायला सुरुवात केली तर आमचा धंदा बसेल.

आणि दारावर बोर्ड लावा म्हणता. उद्या शेजारचे लोक मोर्चा आणतील, गोदाम हलवा म्हणतील. कुठे हलवायचं? गावाबाहेर चोऱ्या होतात. साठा रोज बदलतो, रोज बोर्ड बदलायचा का? साठा रजिस्टर आहे, अनुदानित खताची विक्री पॉस मशीनवर होते, सरकारकडे सगळी माहिती आहे.

---

कृष्णाकाठ (सांगली)

मार्केटयार्ड, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत ते बरं झालं. युरिया-डीएपीबद्दल तुमचं बरोबर आहे, त्यांना नायट्रेटच्या पंगतीला बसवू नये. पण "सरकारकडे माहिती आहे" हेच तर बैरूतमध्ये होतं. रजिस्टर तुमच्या टेबलाच्या खणात, मशीन दुकानात, आणि आग रात्री दोन वाजता गोदामाला.

रोजचा साठा लिहायची गरज नाही. आगीला ऑक्सिजन देणारं काही आहे का, पाणी चालत नाही असं काही आहे का, विषारी वायू सोडणारं काही आहे का. या तीन प्रश्नांची उत्तरं वर्षानुवर्षं बदलत नाहीत.

शेजाऱ्यांच्या मोर्चाची भीती मला कळते. पण मागच्या भिंतीला अंगणवाडी असेल तर तिथल्या ताईंना हे कळायलाच हवं. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात ४१-ब कलम आलं. त्या कलमाने धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्याने कामगारांना आणि आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती द्यायची असं ठरलं. गोदाम कारखान्यात मोडत नाही. नुसत्या साठवणुकीसाठी १९८९ चे नियम आहेत, पण ते ठरावीक मर्यादेच्या वरच्या साठ्यांना. छोटी शेडं या दोन्हींच्या फटीत राहतात, आणि आपल्या तालुक्यांत बहुतेक शेडं छोटीच आहेत.

---

तासगावची बाग

दादा, वाचून रात्रीच शेडवर जाऊन आलो. तुम्ही लिहिलंय अगदी तसंच आहे बघा. १३:००:४५ च्या पिशव्या, त्याला टेकून गंधक, ब्लोअरच्या ट्रॅक्टरचं डिझेल तिथंच. छाटणीनंतर लावायच्या औषधाचे कॅनही. बेदाण्याला धुरी द्यायची म्हणून गंधक आमच्याकडे कायम असतं. आणि गडी दुपारी तिथंच बसून बिडी ओढतात. एवढ्या थोड्या मालानं पण धोका आहे का?

---

कृष्णाकाठ (सांगली)

भाऊ, बैरूतसारखं काही होणार नाही, घाबरून जाऊ नका. पण नायट्रेट आणि गंधक शेजारी ठेवूच नका. दोन्ही मिसळून पेटलं तर भडका फार जोराचा असतो आणि गंधकाच्या धुराने श्वास कोंडतो. मधे भिंत हवी, नाहीतर सरळ वेगळी खोली. नायट्रेट लाकडी फळीवर नको, प्लास्टिकच्या किंवा सिमेंटच्या ओट्यावर घ्या. डिझेल बाहेर. सांडलेली पूड लगेच गोळा करा, पण भुसा किंवा बारदानाने पुसू नका, नायट्रेट मुरलेलं बारदान एका ठिणगीवर पेटतं. बिडीचं तुम्हीच गड्यांना समजावा, आमच्यापेक्षा तुमचं ऐकतील.

---

कराडची लेक

माझा भाऊ न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात फोर्कलिफ्ट चालवतो. तो म्हणतो, ज्या कंटेनरवर खूण आहे त्याची भीती नाही, ज्याच्यावर असायला हवी आणि नाही त्याची आहे. भाडं वाचवायला कागदावर वेगळाच माल लिहिणारे असतात, ही जगभरच्या जहाजवाल्यांची तक्रार आहे.

त्याने मला खुणा शिकवल्या, त्या इथे देते. पिवळा चौकोन कोनावर उभा केलेला, त्यात गोलावर ज्वाळा आणि खाली ५.१ म्हणजे आगीला ऑक्सिजन देणारा माल. लाल चौकोनात ज्वाळा म्हणजे पेट घेणारं द्रव. निळा म्हणजे पाणी लागलं की पेटणारं. पांढऱ्यावर कवटी म्हणजे विष. महामार्गावर टँकरच्या मागे चार आकडी नंबर असतो, १२०३ म्हणजे पेट्रोल. खंबाटकी घाटात टँकर कलंडला की लोक बादल्या घेऊन धावतात. त्या नंबरकडे एकदा बघितलं तरी पाय मागे वळतील. शाळेत मुलांना हे चार चौकोन शिकवायला एक तास पुरे.

---

गावभाग

महापुराचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितो. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा पेठेतली गोदामं बुडाली. लालगाडी काकांनी सांगितलेल्या त्या सल्फासच्या गोळ्या कितीतरी धान्य दुकानांत असतात. पाणी ओसरल्यावर आमच्या गल्लीत एका बंद दुकानातून सडक्या मासळीसारखा वास येत होता आणि आम्ही सगळे चिखल काढायला आत घुसायच्या बेतात होतो. एका जाणत्या हमालाने अडवलं, शटर उघडून दिवसभर वारा खाऊ दिला. त्या माणसामुळे आम्ही धड आहोत. पुराच्या पट्ट्यात असला माल पहिल्या मजल्यावरच ठेवायची सक्ती हवी.

---

हरिपूरकर

गावभाग, तुमच्या हमालाने केलं ते आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद साठवायचे. पेव फोडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, कारण आत प्राणवायू नसतो. तोंड उघडून ठेवायचं, मग दोरीने कंदील खाली सोडायचा. विझला तर अजून थांबायचं. २००५ च्या पुराने बहुतेक पेवं गेली, पण हमालांच्या घरांत ती समज अजून आहे. हळदीच्या पेवाला जी शिस्त होती ती खताच्या शेडला लावायला काय अडचण आहे?

---

माणदेशी

बैरूतच्या खटल्याचं कुणी विचारलं नाही. पहिल्या न्यायाधीशांना २०२१ मध्ये बाजूला केलं, दुसऱ्यांच्या तपासात वर्षानुवर्षं अडथळे आणले. मेलेल्यांचे नातेवाईक दर महिन्याच्या चार तारखेला फोटो घेऊन उभे राहत. चेन्नईजवळ मणलीला २०१५ पासून जप्त करून ठेवलेलं सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट बैरूतच्या बातमीनंतरच काही दिवसांत हैदराबादला हललं. ते आधीच हलवता आलं असतं याचाच जास्त राग येतो.

---

मार्केटयार्ड

सगळे प्रतिसाद वाचले. तासगावच्या भाऊंचं वाचून आमचं गोदाम परत बघितलं. गंधक वेगळ्या गाळ्यात हलवतोय, हमालांना सांगून झालंय. बोर्डाबद्दल अजून भागीदारांशी बोलणं व्हायचंय, पण मी लावायच्या बाजूने आहे. लालगाडी काका, तुम्हाला गाडीवरून उतरल्या उतरल्या काय वाचायला मिळालं तर उपयोग होईल? तसंच रंगवून घेतो.

---

लालगाडी

सगळ्यात वर किल्ली कुणाकडे आहे ते आणि दोन मोबाईल नंबर. त्याखाली ताईंनी सांगितलेले चौकोन, तुमच्या मालाला लागू असतील तेवढेच. मग एक ओळ, "पाणी चालेल" किंवा "पाणी मारू नका". दोन्ही प्रकारचा माल असेल तर कुठला कोणत्या भिंतीला, डावीकडे की उजवीकडे, ते बाणाने. मग विजेचा मेन स्विच कुठे आहे ते. अक्षरं वीतभर, पांढऱ्यावर काळी, बॅटरीच्या उजेडात रस्त्याच्या पलीकडून वाचता आली पाहिजेत. शटरवर रंगवू नका, शटर वर गेलं की बोर्ड गेला. बाजूच्या भिंतीवर लावा. रंगवून झाला की फोटो इथे टाका, काही राहिलं असेल तर सांगतो.